तळावर लिहिलेला अहवाल

लोकांच्या घरी न बोलावता जायचं, पाण्याच्या हंड्यावर झाकण आहे का बघायचं, मुलांची दप्तरं कुठं टांगलीत ते विचारायचं आणि परत येऊन त्यावर चार पानं लिहायची, हे माझं गेल्या अठ्ठावीस वर्षांचं काम. सरकारी भाषेत त्याला गृहभेट म्हणतात. साताऱ्यातल्या आमच्या घरी अशी भेट द्यायला कुणी येत नाही म्हणून माझी अब्रू शिल्लक आहे. आली असती एखादी बाई, तर तिनं लिहिलं असतं, ‘फ्रीजमध्ये तीन दिवसांच्या तीन आमट्या आढळल्या. गृहिणीस विचारणा केली असता तिने फ्रीजचे दार लावून घेतले.’ आमचे यजमान फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. त्यांच्या कपाटात बनियनच्या घड्या एका मापाच्या असतात. माझं कपाट उघडताना दोन पावलं मागं सरकून उभं राहावं लागतं, नाहीतर अंगावर येतं.

मी एका बालगृहात समाजकार्यकर्ती आहे. ज्या मुलांना काही कारणानं घरी ठेवता येत नाही, किंवा ज्यांचं घरच सापडत नाही, त्यांना समिती आमच्याकडं पाठवते. मूल कुठं राहणार हे ठरवण्याचा अधिकार या समितीचा. पण समितीची माणसं काही गावोगाव फिरत नाहीत. फिरते मी. मी बघते, लिहिते आणि तो कागद समितीच्या टेबलावर जातो. आत कागद बोलतो आणि मुलाचे आईबाप दाराबाहेर बाकावर बसलेले असतात. कागदात काय आहे हे त्यांना कुणी सांगत नाही, आणि त्यांनी विचारावं असं मलाही कधी वाटलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी एका बाईनं विचारलं. तिची ही गोष्ट. खरं तर माझी, पण त्यात शोभा माझी कमी आणि तिची जास्त आहे.

संक्रांतीच्या पुढंमागं साताऱ्याच्या एसटी स्टँडवर नऊ वर्षांची एक मुलगी सापडली. सांगलीहून आलेल्या गाडीत ती शेवटपर्यंत झोपलेली होती. कंडक्टरला वाटलं, शेजारच्या बाईची असेल. शेजारची बाई कराडलाच उतरून गेली होती. पोलीस, समिती असं करत संध्याकाळच्या आत पोरगी आमच्याकडं आली. अंगात दोन स्वेटर, एकावर एक, आणि पाठीवर दप्तर. सगळा बेत करून निघालेली दिसत होती. पण बोलायला तयार नव्हती. सांगलीचं तर नावच काढेना. आपल्या गावाचं नाव तेवढं तिनं सांगितलं, आटपाडीच्या पलीकडचं, पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यातलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर फॉर्म घेऊन बसले.

“तुझं घर कुठं आहे बाळा?”

“उंब्रजला.”

“काल तर गाव वेगळं सांगितलंस.”

“ते गाव. आत्ता उंब्रजला.”

“उंब्रजला कुठं?”

“रानात. पाटाच्या अंगाला.”

“कुणाच्या रानात?”

“म्हाईत न्हाई. मेंढरं हायत तितं.”

आता उंब्रज म्हणजे माझं माहेर. कराड आणि साताऱ्याच्या मधलं, हायवेवरचं मोठं गाव, चारी बाजूंनी ऊस. मी तिला जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, “अगं, मी उंब्रजचीच आहे. तिथं मेंढपाळांची घरं नाहीत.”

“घर न्हाई. मेंढरं हायत.”

“मी घर विचारतेय.”

“तेच सांगतिया की,” ती म्हणाली आणि खिडकीकडं तोंड करून बसली.

मी फॉर्मवर लिहिलं, ‘बालिका गोंधळलेली आहे.’ गोंधळलेलं कोण होतं ते पुढं येईलच.

मग मी तिच्या गावी गेले. दोन गाड्या बदलून, शेवटचे चार किलोमीटर एका दूधवाल्याच्या मागं बसून. तिथं पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते आणि परतीची एकच एसटी होती, दीडला. घर सापडलं. पत्र्याचं, दोन खणांचं, दाराला कुलूप. दारासमोर काट्यांचा हा एवढा ढीग. शेजारच्या म्हातारीनं चहा दिला, वर गूळ-शेंगदाणे दिले. मी विचारलं, कधी येतील हो ही माणसं? ती म्हणाली, “मिरगाच्या आदी. मेंढरामागं गेल्यात न्हवं.” मिरगाला पाच महिने होते. मी मान डोलावली आणि शेंगदाणे खाल्ले. ‘आत्ता कुठं आहेत?’ हा प्रश्न मी तिला विचारला नाही. का नाही विचारला, हे मी स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं. प्रामाणिक उत्तर एवढंच आहे, की एसटी चुकेल म्हणून माझं लक्ष सगळं घड्याळात होतं.

घरी येऊन मी अहवाल लिहिला. चांगला झाला होता. मला माझे अहवाल आवडतात, ही माझी जुनी खोड. ‘घर बंद अवस्थेत आढळले. दारासमोर काटेरी झुडपे वाढलेली असून घर दीर्घकाळ वापरात नसल्याचे दिसते. कुटुंब भटकंतीवर असून निश्चित पत्ता नाही. बालिका बेपत्ता होऊनही पालकांनी शोध घेतल्याचे आढळत नाही. एकंदरीत पालकांची बालिकेविषयी अनास्था दिसून येते.’ अनास्था हा तर माझा ठेवणीतला शब्द. तो लिहिला की अहवालाला वजन येतं.

चारपाच दिवसांनी आईबाप आले.

बालगृहाच्या फाटकाशी आधी एक उंच म्हातारा दिसला, डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं. मुलीचे आजोबा. त्यांच्या मागं मुलीचा बाप, आणि त्याच्याही मागं आई, तिशीची, पदर खोचलेला, चपलांवर वाळलेला चिखल. हकिगत त्यांच्याकडून कळली. मुलीला शाळेसाठी सांगलीत चुलत्याकडं ठेवलं होतं. चुलता हळदीच्या पेठेत हमाल. आजोबा तिला भेटायला सांगलीला गेले, एक रात्र राहिले आणि पहाटे तळावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावर, परतले. घरात दुसरं कुणी उठायच्या आत पोरगी दप्तर घेऊन स्टँडवर गेली आणि त्यांच्या मागोमाग उंब्रजला निघाली. चुलतीला वाटलं, आजोबांबरोबरच गेली असणार, फार रडत होती. तळावर सगळ्यांना वाटत होतं, पोरगी सांगलीत आहे. पुढच्या आठवड्यात चुलत्यानं सहज फोन करून विचारलं, पोरगी रमली का, आणि बाप म्हणाला, कुठली पोरगी? तिथून पुढं दोन दिवस त्या घरातलं कुणी जेवलं नव्हतं. कराड, उंब्रज, सगळ्या चौक्या पालथ्या घालून ती माणसं साताऱ्यात आली होती.

पोरीला बाहेर आणलं. ती आईच्या पोटात तोंड खुपसून उभी राहिली. आई तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेली आणि हात मध्येच थांबला.

“केस कुनी कापलं?”

“उवा झाल्या होत्या फार,” मी म्हणाले.

“मला इचारलं का?”

“तुम्ही कुठं होता? आम्ही कुणाला विचारणार?”

“हिला इचारायचं. हिनं सांगितलं आस्तं मी कुठं हाय ती.”

पोरीनं सांगितलं होतंच.

दुसऱ्या दिवशी ती माणसं समितीपुढं उभी राहिली. पण समितीपुढं माझा अहवाल होता. एका घरातून पोरगी पळाली, दुसऱ्या घराला कुलूप, पालकांची अनास्था. समिती तरी काय करणार? पंधरा दिवसांनी पुढची तारीख दिली, नवीन गृहचौकशी सांगितली. तोवर मूल बालगृहात. आणि पुढच्या अहवालातही हेच आलं, तर शाळेचं वर्ष संपेपर्यंत ती आमच्याकडंच, हेही अध्यक्षाबाईंनी स्पष्ट सांगितलं. आईला बाकी काही कळलं नाही. मूल मिळत नाही आणि ते एका कागदामुळं मिळत नाही, एवढं कळलं.

ती परत बालगृहात आली. आमच्या अधीक्षिकाबाईंच्या टेबलासमोर उभी राहिली.

“त्यो कागूद कुनी लिवलाय?”

मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. कपाटामागं दडण्याइतकी मी बारीक नाही. उठले. “मी.”

“वाचून दावा.”

“तो गोपनीय असतो,” मी म्हणाले. हे वाक्य पंचवीस वर्षांत कधी वाया गेलं नव्हतं.

आई आजोबांकडं, म्हणजे तिच्या सासऱ्यांकडं, वळली. “गोपनीय म्हंजी काय वो मामा?”

“म्हंजी आपल्याबद्दल हाय पन आपून ऐकायचं न्हाई,” आजोबा म्हणाले.

अधीक्षिकाबाई चष्म्यातून माझ्याकडं बघत होत्या. त्या नेहमी माझी बाजू घेतात. त्या दिवशी म्हणाल्या, “वाचा ना. त्यांचंच मूल आहे.”

मी वाचायला लागले. मोठ्यानं वाचताना माझं ते भारदस्त मराठी मलाच कसंतरी वाटायला लागलं. प्रत्येक वाक्यानंतर आजोबा म्हणायचे, “आता मराठीत सांगा.” मी सांगायची. काटेरी झुडपांपाशी आले तेव्हा आईनं हात वर करून थांबवलं.

“वाढल्याली? काय वाढल्यालं?”

“झुडपं. काट्यांची. दारात.”

“आवं ती बोराटी हाय. म्या तोडून आनून लावलीया. निगायच्या दिशी. हातात आजून काटा हाय बगा.” तिनं अंगठा पुढं केला. “कुत्री-डुकरं दाराशी बसत्यात, खालून उकरत्यात. म्हून जाताना दाराला बोराटी लावून जायाचं. लावली न्हाई तर मानसं म्हनत्याल, हिनी घर टाकलं.”

बाप तोवर एक शब्द बोलला नव्हता. तो खाली बघत म्हणाला, “आन् बाईंनी लावल्याली बघून लिवलं, टाकलं.”

आमच्या बागायती गावात घराला कुलूप लावलं की झालं. काट्याची फांदी दाराशी आली की ती आपोआप उगवली असणार, असंच मला वाटलं. फांद्यांना मुळं नव्हती, हे मी उभी राहून बघितलं असतं तर दिसलं असतं.

पुढं वाचताना आवाज जरा खाली आला. अनास्था आली. मराठीत सांगा, आजोबा म्हणाले. मी सांगितलं, “म्हणजे... काळजी नाही.”

आई रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, “तुमी किती टाईम थांबला हुता माझ्या दारात?”

“एक तास.”

“धरून?”

“शेजारच्या आजींकडचा चहा धरून.”

“मग घर बगायचं तर आता नीट बगा,” ती म्हणाली. “तळ उंब्रजलाच हाय. पाटाच्या अंगाला. आट दिस हाय त्या रानात, मंग फुडच्या रानात हलतुय. उद्या या.”

त्या दिवशी घरी गेल्यावर मी यजमानांना सगळं सांगितलं, जरा माझ्या बाजूनं. मला सहानुभूती हवी होती. सुभेदारांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

“म्हणजे तू पोस्टवर गेलीस, लांबून बघितलंस आणि रिपोर्ट दिलास, शत्रू निघून गेला.”

“शत्रू काय? उदाहरण तरी नीट द्या.”

“आणि तिथल्या पोरीनं आधीच लोकेशन दिलेलं.”

“अहो, मला वाटलं...”

“तेच रिपोर्टात लिहितात का, ‘मला वाटलं’?” एवढं बोलून ते भाजीची पिशवी घेऊन बाहेर पडले. फौजेत सहानुभूती शिकवत नसावेत.

उंब्रजला उतरले आणि आधी भावाला फोन केला. माझ्याहून धाकटा, शेती बघतो.

“अरे, पाटाजवळ मेंढरं बसलीत का कुठं?”

“हाईत की. आपल्या पलीकडच्या रानात, ऊस तुटला तितं. दरसाल येत्यात. का?”

“दरसाल?”

“अगं आक्का, तुझ्या लग्नाच्या आदीपासनं. आपल्या रानात बी खतासाटी बसवायचे नाना. तू कवा रानात आली होतीस म्हना?”

नाना म्हणजे आमचे वडील. भाऊ हसत होता. मी फोन ठेवला. ज्या माणसांना शोधायला मी दोन एसट्या आणि एक दूधवाला केला, ती माझ्या माहेरच्या बांधापासून दोन रानांवर होती.

तळ म्हणजे तुटलेल्या उसाच्या फडात उभारलेला संसार. जाळीच्या कुंपणात मेंढरं, तीन दगडांची चूल, तिच्याजवळ डालग्याखाली झाकलेली कोकरं. एका बाजूला घोडं, त्याच्यावरून उतरवलेलं सामान रचून ठेवलेलं. हंड्यावर झाकण होतं. मी सवयीनं बघितलं, आणि मी बघितलं हे आईनं बघितलं.

“उचलून बगा की,” ती म्हणाली. “पानी गाळल्यालं हाय.”

मी बसले, नवा फॉर्म काढला, पेन काढलं.

“हितंच लिवायचं,” आई म्हणाली. “सातारला जाऊन न्हाई. लिवलं की वाचायचं.”

अशी अट मला आजवर कुणी घातली नव्हती. पण माझी बाजू अशी होती, की मी अटी घालण्याच्या लायकीची राहिले नव्हते. मी लिहायला लागले. घोंगड्यावर मांडी घालून, गुडघ्यावर फाईल. समोर आई भाकरी थापत होती, बाजूला आजोबा, आणि थोडा मागं बाप, कोकराला पाजत.

“कुटुंब भटकंतीवर असून...” मी वाचलं.

“ते न्हाई चालनार,” आजोबा म्हणाले.

“मग काय लिहू?”

“भटकत्यात ती मानसं, ज्येंला कुठं जायाचं ते म्हाईत नसतं. आमची वाट ठरल्याली हाय. माझ्या बापाची वाट.” त्यांनी घोंगडं सारखं केलं आणि सांगायला लागले. दिवाळी झाली की गाव सोडायचं. पहिला मुक्काम कुठल्या ओढ्याला, मग कुणाच्या माळावर, विट्याच्या अलीकडं कुणाच्या विहिरीवर पाणी मिळतं, कराडच्या बाजूला कुठली रानं आधी मोकळी होतात, उंब्रजला किती दिवस, तिथून पाटणच्या अंगाला कधी, आणि वळीव पडायला लागला की परतीचं कुठून. प्रत्येक ठिकाणी रानमालकाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, काही ठिकाणी रानमालकाच्या बायकोच्या गुडघेदुखीची चौकशी. मी लिहीत होते. फॉर्मवर पत्त्यासाठी दोन ओळी असतात. मी त्यात ‘सोबत जोडले आहे’ असं लिहून वेगळा कागद घेतला. तो भरला. दुसरा घेतला.

“झाला पत्ता?” आजोबांनी विचारलं.

“दोन पानं झालाय.”

“मंग? तुमचा किती हाय?”

माझा पत्ता दीड ओळीत बसतो, आणि गेल्या बारा वर्षांत आमच्या बिल्डिंगमधली वरच्या मजल्यावरची माणसं कोण ते मला ठाऊक नाही. मी पान उलटलं.

पुढचा रकाना होता, मुलीशी संपर्क. “सांगलीत असताना किती दिवसांनी फोन करायचात?”

“ऐतवारच्या ऐतवारी,” आई म्हणाली. “त्या ऐतवारी फोनला रेंजच न्हवती. दुसरा ऐतवार यायच्या आदीच...” तिनं भाकरी उलटली. मग सहज विचारावं तसं विचारलं, “तुमाला लेकरं किती?”

“एक मुलगी. बंगळूरला नोकरी करते.”

“कवा बोलला हुता?”

मी आठवायला लागले. आठवायला लागले, यातच उत्तर होतं. आईनं भाकरी पुढं केली. त्या संध्याकाळी मी लेकीला फोन केला तर ती म्हणाली, “आई, काय झालं? बाबा बरे आहेत ना?”

अहवाल चौथ्या पानावर आला. शाळेचा मुद्दा राहिला होता, आणि तो खोटा नव्हता. पोरगी सांगलीत राहायला तयार नाही, आणि तळ तर हलत राहणार. इथं मात्र मी माझं पंचवीस वर्षांचं ज्ञान खर्च केलं. मी सांगितलं, स्थलांतरित मुलांना त्यांची शाळा एक कार्ड देते, ते दाखवलं की जिथं तळ पडेल तिथल्या शाळेत बसता येतं. बापानं पहिल्यांदा मान वर केली. “म्हंजी उंब्रजच्या शाळंत?”

“उंब्रजच्या, मग पाटणच्या बाजूच्या, मग तुमच्या गावच्या.”

“हे आदी कुनी सांगितलं न्हाई,” तो म्हणाला.

सांगायचं काम ज्यांचं, त्यांतली एक मी. मी भाकरीचा तुकडा मोडला.

शेवटी सगळं वाचून झालं. आजोबांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली, त्यातली एक माझ्या वाक्यापेक्षा चांगली होती. मी फाईल मिटायला लागले.

“आन् तुमी चुकला, ते कुठं लिवलं?” आई म्हणाली.

“नवीन अहवाल दिला की जुना आपोआप मागं पडतो.”

“मागं म्हंजी? फाडत्यात?”

“नाही. फाईलमध्ये राहतो.”

“म्हंजी माझी पोरगी मोटी झाली, तिनं ती फाईल उगडली, तर आईला काळजी न्हवती, आसं तितं हायच.”

हे मी कधी मनात आणलं नव्हतं. पंचवीस वर्षांत मी किती घरांवर काय काय लिहून ठेवलंय, आणि ते सगळं कुठल्या कुठल्या कपाटात जिवंत आहे. फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही. चूक झाल्यास कुठं लिहावी, हे छापायला कुणाला सुचलेलं नाही. मी शेवटच्या पानाच्या खाली उरलेल्या जागेत लिहिलं. ‘या आधीच्या अहवालात घर वापरात नसल्याची, निश्चित पत्ता नसल्याची, शोध न घेतल्याची आणि पालकांच्या अनास्थेची नोंद मी केली होती. ती चुकीची आहे. बालिकेने कुटुंबाचे ठिकाण मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. मी ते ऐकले नाही. घराशी मी पुरेशी चौकशी केली नाही.’ लिहिताना मला पेन्शन आठवली, हे कबूल करते. नोकरीची आठ वर्षं शिल्लक होती. मी वाचून दाखवलं. मराठीत सांगा, असं या वेळी आजोबा म्हणाले नाहीत.

तारखेला समितीच्या खोलीत मी उभी होते आणि पोरीच्या आईला खुर्ची मिळाली होती. अधीक्षिकाबाईंनी आधीच कुणाला तरी सांगून ठेवलं असावं. अध्यक्षाबाईंनी चार पानं वाचली. पत्त्याची दोन पानं वाचताना त्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. शेवटच्या परिच्छेदापाशी त्यांनी चष्मा काढला.

“हे तुम्ही लिहिलंय?”

“हो.”

“कुणी लिहायला सांगितलं?”

मी आईकडं बघितलं. आई अध्यक्षाबाईंकडं बघत होती.

“यांनी,” मी म्हणाले. “पण खरं आहे.”

त्यांनी आईला चार प्रश्न विचारले, पोरीला बाहेर नेऊन एकटीला विचारलं, आणि आदेश लिहिला. मूल आईवडिलांच्या ताब्यात. उंब्रजच्या शाळेत तात्काळ नाव. दर महिन्याला समाजकार्यकर्तीनं भेट द्यायची, वर्षभर, कुटुंब जिथं असेल तिथं. ‘जिथं असेल तिथं’ हे शब्द त्यांनी मुद्दाम मोठ्यानं वाचले, माझ्याकडं बघून.

पोरगी त्याच दुपारी गेली. दोन्ही स्वेटर घातले होते. फाटकापाशी तिनं मला अच्छा वगैरे केलं नाही. तिला घाई होती.

मला वाटलं होतं, भेटींना जायचं म्हणजे आता मी तपासणार आणि ती माणसं तपासून घेणार. पहिल्या महिन्यात तळावर पोचले तर आजोबांनी पटकूर अंथरलं, चहा दिला, आणि पोरीला हाक मारली. ती शाळेतून नुकतीच आली होती. दप्तरातून तिनं एक शंभर पानी वही काढली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, बाईंच्या भेटी. आईनंच तिला सांगितलं होतं म्हणे. बाई लिवत्यात, तर आपल्याकडं बी लिवल्यालं पायजे.

मी माझं काम केलं. शाळेचं विचारलं, वजन-उंची घेतली, पुस्तकातलं गणित घातलं. पोरगी मधून मधून वहीत काहीतरी उतरवत होती. निघताना तिनं वही माझ्यापुढं धरली.

‘बाई अकरा वाजता आल्या. दोन तास थांबल्या. आईशी बोलल्या. दोन भाकरी खाल्ल्या. मला भागाकार विचारला. त्यांचा स्वताचा चुकला. पुन्हा केला तेव्हा बरोबर आला.’

“खाली सही करा,” ती म्हणाली.

“भाकरी एकच लिही ना,” मी म्हणाले. “सुभेदार वाचतील.”

तिनं आईकडं बघितलं. आई चुलीपाशी होती, तिनं मान हलवली. नाही.

“दोन खाल्ल्या की,” पोरगी म्हणाली, आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सगळं परत एकदा वाचलं आणि सही केली.